पौर्णिमेच्या दिवशीचा रस्ता

माझा नवरा सोलापूरचा. समुद्राशी त्याची ओळख झाली ती थेट दोह्यात, आणि इथला समुद्र म्हणजे कॉर्निशच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रस्त्याच्या, कठड्याखाली गपगुमान पडून असलेलं पाणी. भरती आली काय नि गेली काय, कुणाला पत्ता नसतो. मी मात्र कोकणातली, खाडीकाठची.

त्या उन्हाळ्यात ऑफिसच्या कामासाठी तो इंग्लंडला गेला, आणि सुट्टी होती म्हणून बारा वर्षांच्या लेकीलाही घेऊन गेला. माझा व्हिसा रखडला. इथे दोह्यात, मदिनत खलीफा भागातल्या घरात बसून मी त्यांची सहल फोनवर बघत होते. नॉर्थम्बरलँडचे किल्ले, पडका मठ, आइस्क्रीम खाणारी लेक. शनिवारी ते तिथल्या एका बेटावर गेले. ओहोटीला तिथे गाडी जाते, भरतीला रस्ता पाण्याखाली.

दुपारी मी कुकर लावला आणि मेसेज आला: ‘किल्ला खलास! निघतोय. रस्त्यावर थोडं पाणी आलंय, पण गाडी उंच आहे.’

मी वर बघितलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात पौर्णिमा होती, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, उधाण. उधाणाचं पाणी सपाट वाळूवर कसं येतं ते मी लहानपणी पाहिलंय. आपण समोर बघत असतो, आणि ते मागून वेढा घालतं.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. “उंच म्हणे गाडी! समुद्र काय टेप घेऊन येतो?” असं रिकाम्या घरात ओरडले, आणि मग मला रडूच फुटलं. कुकर शिट्ट्या मारत राहिला, तो बंद करायचंही सुचेना. दोघं एकाच गाडीत आहेत, एवढंच डोक्यात फिरत होतं.

शेवटी व्हिडिओ कॉल आला. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक.

“चावी घेऊन पळाली ही,” तो म्हणाला. “आज फुल मून आहे, आईला विचार, म्हणे. मी मागे धावलो, फोन गाडीतच राहिला.”

त्याने बेटाच्या काठावरूनच फोन फिरवला. रस्ता नव्हताच. नुसतं पाणी, आणि त्यातून वर आलेले खांब.

दरवर्षी माहेरी गेलं की मी लेकीला पौर्णिमा, अमावास्या, उधाण सांगायची. ती कानात इअरफोन घालून बसायची. मला वाटायचं, पालथ्या घड्यावर पाणी.

नवऱ्याला झापायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात लेकीने फोन ओढून घेतला. “आई, ही इज शेकिंग,” ती हळूच म्हणाली. आणि मग, माझ्याशी कधी नव्हे ते मराठीत: “बाबाला रागवू नको ना.”