साडूंची दर महिन्याची नवी गाडी

अख्ख्या नवी मुंबईत माझ्या साडूंइतका गाड्यांचा शौकीन दुसरा नसेल, आणि त्यांच्या नावावर आजवर साधी सायकलही नाही. राहतात सानपाड्याला. मोबाइलवर बोट फिरवून भाड्याची गाडी मागवायची, स्वतः चालवायची, काम झालं की परत करायची. लग्नाला जायचं तर लांबलचक काळी, घाटात जायचं तर उंच चाकांची, भाजी आणायला इवलीशी विजेवरची. बरं, भाड्याची म्हणून कोरडेपणा नाही. आरसे स्वतःच्या रुमालानं पुसतील, परत करताना बॉनेटवर थाप मारून "बरी राहा हं!" म्हणतील. आणि मी? जन्मभर तुर्भ्याच्या शोरूममध्ये गाड्या विकतोय, पण माझी स्वतःची एकच, करडी. तिच्यावर माझ्यापेक्षा सोसायटीतली मांजरंच जास्त बसतात.

जळायचो मी त्यांच्यावर. एकदा सासऱ्यांना उरणच्या मोरा बंदरावर बोटीला सोडायचं होतं. मी सकाळीच गाडी धुऊन खाली उभा. तेवढ्यात साडू छत उघडणारी भली मोठी गाडी घेऊन हजर. "चला, सगळे मावतात!" सगळे मावलेसुद्धा. बायको त्यांच्या गाडीचं दार लावता लावता मला म्हणाली, "तुम्ही या ना मागून. सामान तेवढं तुमच्या गाडीत टाकलंय." उरणपर्यंत मी लोणच्याच्या बरण्या सांभाळत, पुढच्या गाडीच्या छतातून वर आलेला सासऱ्यांचा हात बघत गेलो.

पुढे लोक गाड्या विकत घेईनासे झाले, तेव्हा आमच्या कंपनीनंच महिन्याच्या भाड्यानं गाड्या द्यायचं काढलं. साहेब म्हणाले, "यापुढे 'गाडी घ्या' नाही, 'गाडी वापरा' म्हणायचं." माझ्या तोंडून ते निघेना. माझ्या टेबलाकडे कुणी फिरकेना, नोकरीचं टेन्शन आलं. बायकोनं बहिणीकडे रडगाणं गायलं असणार, कारण एका सकाळी साडू सहकुटुंब शोरूममध्ये आले. हातात नारळ, पेढे, झेंडूचा हार.

"साडूभाऊ, महिन्याचीच आहे हो गाडी. नारळ कशाला?"

"महिनाभर तरी आपलीच ना? आणि तुझं पहिलं गिऱ्हाईक मी. चल, फोटोत ये. अरे, मध्ये उभा राहा!"

पेढा तोंडात कोंबून मी मध्ये उभा राहिलो.

पूर्वी आमच्या शोरूमच्या दारात सारखे नारळ फुटायचे. आता गिऱ्हाइकं येतात, किल्ली घेतात आणि मोबाइल बघत निघून जातात. साडू मात्र दर महिन्याला गाडी बदलायला येतात आणि दर वेळी तितकेच हरखतात. माझी करडी गाडी आली तेव्हा लेक कडेवर होती, आई फोटोत माझ्या शेजारी उभी होती. तसा दिवस मला एकदाच मिळाला. या माणसाला तो दर महिन्याला मिळतो. अजूनही जळतो मी. पण महिना संपत आला, की दाराकडे सारखं लक्ष जातं माझं.