दामूअण्णांचा छापायचा दगड

सुताराकडे जवसाच्या तेलाचा वास आला आणि कल्याणचा दामूअण्णांचा शिळाछापखाना आठवला. मी तिथे कामाला होतो. दगडावर लिहून त्यावरून छापायचं, आणि शाईत हेच तेल. गावच्या नाटकाच्या जाहिराती अण्णा हौसेने छापायचे. सीतेचं काम त्यांचाच पोरगा करायचा. तो पटकीने गेला. थोड्या दिवसांनी नाटकाची मंडळी आली. "अण्णा, दुसरी सीता मिळाली. तेवढं नाव बदला."

दगड एकच. त्यावर पोराचं नाव अण्णांच्याच हातचं. ते घासल्याशिवाय नवं लिहिता येत नव्हतं. अण्णांनी वाळू टाकली, पाणी ओतलं, पण हात चालेना.

"तू घास रे."

"घासतो की. दगडच तर आहे," मी म्हणालो.

"अरे, जरा हळू घास."

तेव्हा मला हसू आलं होतं. आता बायको गेली, तिचं लुगडं वळणीवर तसंच आहे. सून धुवायला मागते. मला देववत नाही.