केवळाबाईच्या डब्यावरची चिठ्ठी

व्यंकटी गोडबोल्या नाही, हे आधीच सांगून टाकतो. जळकोटच्या स्टँडमागं त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. रेडिओ गेले, टीव्ही भिंतीला चिकटले, तसा तो आमच्या रेशीम गटाच्या शेडमधले डबे सांभाळू लागला. डब्यात तळहाताएवढा कॉम्प्युटर असतो. शेड तापली की तो पंखे आणि पाण्याचे फवारे चालू करतो, गार झाली की बंद करतो. रेशमाच्या अळ्यांना उकाडा सोसत नाही.

व्यंकटीची एक खोड होती. ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची म्हटली की तो आधी त्या बोर्डाचं फर्मवेअर तपासायचा. फर्मवेअर म्हणजे बोर्डाच्या पोटातच बसलेला, त्याला झोपेतून उठवणारा छोटा प्रोग्राम. तो फार जुना असला तर नव्या सिस्टीमशी त्याचं जुळत नाही आणि बोर्ड उठतच नाही. म्हणून जुनं सगळं चालू असतानाच व्यंकटी त्याची तारीख बघायचा, वहीत लिहायचा आणि डब्यावर चिठ्ठी डकवायचा. दहा मिनिटांचं काम. "सोयरीक जुळवायच्या आधी घर बघत्यात का न्हाई?" असं वर ऐकवायचा. गटाचा अध्यक्ष दयानंद त्याला तोंडावर 'जोशीबुवा' म्हणायचा. मी गटाचा सचिव, शाळेत मास्तर. मीही दात काढायचो.

खंडेनवमीला आमच्याकडं नांगरापासून मोटरसायकलीपर्यंत सगळं धुऊनपुसून पुजतात. त्या दिवशी शिरूर अनंतपाळला आमच्या गटातल्या केवळाबाईच्या शेडमधला डबा मी स्वतः ओल्या फडक्यानं पुसला. त्यावर काळपट कडांचा एक कागद चिकटला होता. तो नखानं खरवडून काढला आणि त्या जागी कुंकवाचं स्वस्तिक रेखलं. कागदावर काय लिहिलंय ते वाचलं नाही. पोरांना वाचायला शिकवण्याचा पगार घेतो मी, आणि वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. दयानंद नवी सिस्टीम भरलेलं मेमरी कार्ड घेऊन हजर. केवळाबाईच्या अळ्या चार दिवसांत कोष विणायला लागणार होत्या. महिनाभर बाईनं पहाटे उठून तुतीचा पाला कापला होता. व्यंकटी हिमायतनगरला लेकीकडं सणाला गेलेला, म्हणून मी फोन लावला.

"वही दुकानात हाय, गुरुजी. डब्यावरची चिठ्ठी वाचा," तो म्हणाला.

"डब्यावर चिठ्ठी नाही."

"नाही कशी? मी सोता लावलीय. आता हात लावू नका. उद्या सकाळी येतो."

दयानंदनं माझ्या हातातून फोन घेतला. "येंकटी, दसऱ्याला पंचांग बघत नसत्यात! साडेतीन मुहूर्तांतला दिवस हाय," म्हणाला आणि फोन ठेवला. सगळे हसले. चिठ्ठी कुणी काढली हे मला ठाऊक होतं. मीही हसलो.

जुनं कार्ड काढलं, नवं घातलं, नारळ फोडला. डब्यावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. दयानंदनं स्वस्तिकासकट फोटो काढून गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला: 'अपडेट यशस्वी.' त्याखाली पहिला अंगठा माझा.

"पंखं फिरंनात की ओ," केवळाबाई म्हणाली.

"तापल्यावर फिरतील, बाई. नवी सिस्टीम हाय," दयानंद म्हणाला. तिनं विश्वास ठेवला, दार ओढून घेतलं, आणि आम्ही सगळे सीमोल्लंघनाला गेलो. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं.

सोनं वाटून परत आलो आणि तिनं दार उघडलं. आत भट्टी. तो वास अजून नाकातून जात नाही. अळ्या लोळागोळा होऊन पाल्यावर पडलेल्या, तोंडातून हिरवं पाणी गळत होतं. सकाळपर्यंत काळ्या पडून फुटल्या. पण खरी किळस अळ्यांची नव्हती. त्या संध्याकाळी कपाळाला गंध लावून, हातात आपट्याची पानं घेऊन दारात उभ्या असलेल्या आम्हा शहाण्यांची होती. सकाळी पुन्हा जमलो तेव्हाही दयानंद नाकाला रुमाल लावून म्हणत होता, "नशीब बाईचं, दुसरं काय."

तेवढ्यात व्यंकटी आला. दिवा किती वेळा लुकलुकतो त्यावरून बिघाड कळतो; त्यानं ती लुकलुक मोजली आणि म्हणाला, "उठलाच न्हाई ह्यो. फर्मवेअर पाच वर्सं जुनं. तेच लिव्हलं हुतं चिठ्ठीवर, आधी मला बोलवा म्हणून." मग दयानंदकडं न बघताच, "नशिबाला कशाला शिव्या देता? धा मिन्टं लागत्यात."

खिशातलं कार्ड घालून त्यानं फर्मवेअर बदललं, पुन्हा नवी सिस्टीम लावली. खरंच दहा मिनिटं लागली. पंखे गरगर फिरायला लागले, फवारे सुटले, आणि तो वास वाऱ्यासरशी आमच्या तोंडावर आला.

केवळाबाई घमेल्यात अळ्या भरत होती. मान वर न करता म्हणाली, "बंद करा ते. वारा आता कुणाला?"

व्यंकटीनं बटण बंद केलं. स्वस्तिकावर बोट ठेवून विचारलं, "हितली चिठ्ठी कुणी काढली?"

"मी," म्हणालो.

शिवी येईल असं वाटलं होतं; आली असती तर बरं झालं असतं. त्यानं येताना दुकानातून आणलेल्या वहीतला कोरा कागद फाडला, पेन काढलं आणि दोन्ही माझ्या हातात दिलं.

"लिव्हा, गुरुजी. तुमचं अक्षर चांगलं हाय. 'फर्मवेअर तपासलं, जुळतंय.' खाली तारीख घाला."

मागून केवळाबाई भरलेलं घमेलं घेऊन खड्ड्याकडं गेली. मी तारीख लिहिली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची.