शकूचं सुतक

शकूला गावाहून गिरगावात आणलं तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. मामानं आईला सांगितलं होतं, घर चांगलं आहे, पोटभर जेवण मिळेल, शाळेतही घालतील. शाळा वाडीच्या तोंडाशीच होती. शकू तिथवर रोज जायची, घरच्या मुलांची दप्तरं घेऊन. आता तिचे केस पिकले, तरी पगाराचा विषय कधी निघाला नाही. घरच्या माणसाला कुणी पगार देतं का? आल्यागेल्याला सुचित्रावहिनी कौतुकानं सांगायच्या, शकू आमच्यातलीच.

वहिनींचे यजमान कमलाकांत इतिहासाचे प्राध्यापक. इंग्रजांनी गिरमिटावर अंगठा घेऊन बोटीत भरलेल्या मजुरांबद्दल बोलताना त्यांचा गळा दाटून यायचा. शकू चहा घेऊन आली की तेवढ्यापुरता मोकळा व्हायचा. त्या बिचाऱ्यांच्या कराराला निदान मुदत तरी होती.

शकूचं मागणं एवढंच, की आईला एकदा डोळे भरून बघावं. भावाच्या लग्नाला दोन दिवस गेली, तेवढीच. दरवर्षी तिनं विचारलं की वहिनी म्हणत, गौरी होऊन जाऊ देत, मग जा. गौरी व्हायच्या, मग नवरात्र यायचं, मग दिवाळीचा फराळ. तिचं लग्न कुणी जुळवलंच नाही, त्यामुळे पन्नाशीतही घरातली कुमारिका तीच आणि कुंकवाच्या पावलांवरून गौर आत आणायचा मानही तिचाच. गौर माहेरी यायची, लाड करून घ्यायची आणि तिसऱ्या दिवशी शिदोरी घेऊन निघायची. शकूला तिचा हेवा वाटायचा.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर तिचा भाऊ जयवंत दारात उभा राहिला. हातात आईचं जुनं लुगडं.

"आवस गेली, त्येका म्हयनो झालो," तो म्हणाला. "मी फोन केललंय. तू ईलंस नाय. तिचो जीव तुझ्यात अडाकललो."

शकूकडे कुठला फोन? जयवंतचा फोन वहिनींनी उचलला होता, गौरी यायच्या आदल्या दिवशी. शकूनं त्यांच्याकडे पाहिलं. वहिनी काही वाईट बाई नव्हत्या, हीच तर पंचाईत. त्यांचेही डोळे भरले होते.

"अगं, गौरी दारात होत्या. तुला सांगितलं असतं तर सुतक आलं असतं. मग सगळं कुणी केलं असतं?"

म्हणजे तिकडे आईची राखही निवली नव्हती, आणि शकू इकडे हौसेनं पुरण वाटत होती. तिला हुंदका आवरेना.

"इथल्या आजी गेल्या तेव्हा दहा दिवस मला देवाला शिवू दिलं नाहीत, वहिनी. आमच्यातलीच म्हणालात. मग माझ्या आईचं सुतक तुम्हाला कसं नाही आलं?"



आईचं सुतक उशिरा कळलं तरी कळल्यापासून दहा दिवस धरतात. शकूनं नेसत्या साडीनिशी डोक्यावरून पाणी घेतलं आणि ती बाहेरच्या गॅलरीत जाऊन बसली. जयवंतनं घरी चल म्हणून खूप विनवलं.

"आता जावन कोणाक बघूचा?" ती म्हणाली.

दहा दिवस तिच्या हातचं घरात चालत नव्हतं, म्हणून कुणी तिला काम सांगितलं नाही. आयुष्यात एवढी मोठी सुट्टी एकदाच मिळाली, ती आईनं दिली. अकराव्या दिवशी तिनं न्हाऊन आईचं लुगडं घडी करून ठेवलं. आतून वहिनींनी हळूच विचारलं, "शकू, चहा टाकतेस?"

शकूनं आत जाऊन गॅस पेटवला.