तांबडा निंजा, निळा निंजा आणि आठव्या घरातला चंद्र

माझं लग्न दोन निंजांनी अडवून धरलं होतं, असं सांगितलं की लोक हसतात. हसा. तेव्हा मी डोंबिवलीत सगळ्यांसमोर रडले, तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

नव्वदीत आमच्याकडे केबल आली. शेजारच्या बिल्डिंगमधला केबलवाला आपल्या बाहेरच्या खोलीत बसून कॅसेट लावायचा आणि ती अख्ख्या गल्लीला दिसायची. रविवारी सकाळी तो एक जपानी कार्टून लावायचा. बोलणं जपानी, खाली अक्षरं यायची ती तिसऱ्याच कुठल्या लिपीत. कोण कोणाचा काय लागतो, भांडण कशावरून, कोणालाच पत्ता नाही. एवढं मात्र कळायचं की दोन निंजे आहेत, एक तांबड्या कपड्यातला आणि एक निळ्या, आणि दोघांचं हाडवैर आहे. दर रविवारी ते भिडायचे आणि कोण जिंकलं ते कळायच्या आत भाग संपायचा. एवढ्यावर आमची बिल्डिंग वेडी झाली. टीव्ही आमचा मोठा, म्हणून सगळे आमच्याकडे. मुलांचं कार्टून म्हणून यायचे आणि मुलांनाच मागे बसवायचे.

तांबड्याकडे साखळीला बांधलेला कोयता होता. गरगर फिरवून फेकला की झाडाचं खोड आडवं. अंगाने पैलवान, आणि प्रत्येक वाराआधी ओरडणार. निळा काटकुळा. कमरेला छोटी सुरी, तीही फारशी काढायचा नाही. पण पाण्यावरून चालायचा, भिंतीवर पालीसारखा चढायचा आणि धुराचा गोळा आपटून गायब व्हायचा. वरच्या मजल्यावरचे मास्तर, गणित शिकवून निवृत्त झालेले, तांबड्याच्या पक्षाचे. त्यांचं म्हणणं, पळून जाणं ही कला असेल, लढाई नव्हे. मी निळ्याची. मी म्हणायचे, मास्तर, साखळी फिरवायला जागा लागते. आणा तुमच्या तांबड्याला आपल्या जिन्यात, पहिल्याच वळणावर मीटरच्या पेटीत अडकतो की नाही बघा. मास्तरांनी हे मनावर घेतलं. आमच्या आईची कपडे वाळत घालायची दोरी नेली, टोकाला लाटणं बांधलं आणि जिन्यात उभं राहून फिरवलं. बल्ब फुटला. सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले, तर मास्तर म्हणाले, प्रयोग चाललाय. साठी उलटलेला माणूस! आणि मी काही शाळेत नव्हते, चांगली पंचविशीची होते आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरीला जात होते.

आता बाबा. बाबा सरकारी कचेरीतले साधे कारकून, पण संध्याकाळी घरी आले की ते बिल्डिंगचे ज्योतिषी. पैसा कोणाकडून घ्यायचे नाहीत, त्यामुळे गर्दी फार. बारशाचं नाव, मुलाखतीचा दिवस, नवीन शेगडी कधी पेटवायची, सगळं बाबांना विचारून. कचेरीत त्यांना साहेब अरेतुरे करायचा. इथे सेक्रेटरीसुद्धा चपला बाहेर काढून आत यायचे. बाबा पानावर कुंडलीचा चौकोन आखायला लागले की आई मिक्सर बंद करायची.

एका रविवारी मास्तर त्यांना म्हणाले, तुमच्या शास्त्राने सांगा की, कोण जिंकणार ते. चेष्टेत म्हणाले. बाबांनी चेष्टेत घेतलं नाही. जन्मवेळ कुठून आणणार, तर बाबांनी ठरवलं, निंजा पहिल्यांदा पडद्यावर दिसला तो त्याचा जन्म. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात दोघांच्या वेळा पहिल्याच रविवारी बघितल्या गेल्या होत्या, कारण बाबांना कोणीही कधीही उगवलं की वेळ बघायची सवयच होती. जन्मस्थानावर बराच वाद झाला. मास्तर म्हणाले, जपान. बाबा म्हणाले, आपल्याला ते डोंबिवलीत दिसले, तेव्हा डोंबिवली पूर्व. तांबडा आला तेव्हा एक लग्नरास संपत आली होती. मग साड्यांच्या दुकानाची जाहिरात लागली, आणि निळा आला तोपर्यंत रास बदललेली. त्या एका जाहिरातीने निळ्याचा घात केला. तांबड्याचा मंगळ दहाव्यात, निळ्याचा चंद्र आठव्या घरात, म्हणजे मृत्युस्थानी. बाबांनी चष्मा काढून सांगितलं, निळा शेवटच्या लढाईत पडणार. मी चिडले, पण गप्प बसले, कारण माझं खरं काम पुढे होतं.

माझ्या ऑफिसात ड्रॉइंग सेक्शनमध्ये एक मुलगा होता. कळव्याला राहायचा. घर बौद्ध, आई नर्स. आमचं दोघांचं ठरलेलं. त्याला मी घरी आणला तोही नेमका रविवारी सकाळी, दुसरी वेळच नव्हती. बिचारा नवीन शर्ट घालून आला आणि पाहतो तर खोलीत माणसंच माणसं, सगळ्यांच्या माना टीव्हीकडे. कोणी म्हणालं, बसा बसा, साखळी निघालीय. तो जमिनीवर बसला. जाहिरात लागल्यावर मास्तरांनी विचारलं, काय वाटतं तुम्हाला, दोघांत सरस कोण? त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "दोघंही फार दमलेत. कोणीतरी आधी पाणी द्यायला हवं." मास्तरांना ते मुळीच पटलं नाही. आईला पटलं. ती उठून त्यालाच पाणी घेऊन आली.

सगळे गेल्यावर बाबांनी त्याच्याकडे पत्रिका मागितली. तो शांतपणे म्हणाला की आमच्याकडे पत्रिका करत नाहीत. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच भविष्य, मुहूर्त, सगळं सोडलं. बाबा म्हणाले, हरकत नाही, जन्मवेळ द्या, मी करतो. त्यावर तो म्हणाला, "काका, दुसरं काहीही मागा. वेळ माहीत आहे मला, पण ती नाही देणार." बाबांनी मान हलवली आणि चहाचा कप उचलला. त्या मान हलवण्यात हो नव्हतं.

तो गेल्यावर मी सरळ विचारलं, पत्रिका अडतेय की जात? बाबा म्हणाले, पत्रिका. मला ते खोटं वाटलं, आणि आजही अर्धं खोटं वाटतं. पण अर्धं खरंही होतं. ह्या माणसाने जन्मात काही म्हणून पत्रिकेशिवाय केलं नव्हतं. मी म्हटलं, कागदावर काढलेल्या माणसांच्या कुंडल्या मांडता, आणि माझ्यासमोर हाडामांसाचा माणूस आहे तो दिसत नाही? बाबा म्हणाले, कुंडली मांडली म्हणून तर निळ्याचं काय होणार ते मला ठाऊक आहे, तुझं काय होणार ते ठाऊक नाही. तिथे माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "ठीक आहे. शेवटच्या लढाईत निळा जिंकला तर तुमचं शास्त्र खोटं, आणि मी पत्रिकेशिवाय लग्न करणार. तांबडा जिंकला तर तुम्ही म्हणाल त्याच्याशी मान खाली घालून लग्न करीन."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बाबांनी फक्त बरं म्हटलं. आई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती, म्हणजे तासाभरात बिल्डिंगला कळलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याला सांगितलं तर आधी तो पोट धरून हसला. मग हसायचा थांबला.

"आणि निळा हरला तर?"

मी म्हटलं, चहाला येतोस? तो पुन्हा टेबलावर वाकला आणि रेघ ओढायला लागला. दिवसभर त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचं बरोबरच होतं. मी त्याला विचारलं होतं कुठे?

पुढचे रविवार मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. निळ्याला खरचटलं तरी मी डोळे मिटून घ्यायचे. आईने निळ्यासाठी गणपतीला नारळ बोलला, आणि परक्या देशातल्या माणसासाठी बोललेला नवस चालतो का, हे बाबांनाच विचारलं. बाबा म्हणाले, चालतो. मास्तरही बदलले. एकदा जिन्यात मला अडवून हळूच म्हणाले, तुझं ते जिन्याचं म्हणणं बरोबर होतं, तांबड्याला मोकळं रान लागतं, कुठे अरुंद जागी गाठायला हवा त्याला. जसं काही मी निळ्याला निरोप देणार होते.

मग केबलवाल्याकडून कळलं की ही शेवटची कॅसेट. त्या रविवारी आमच्या दारापर्यंत चपला आणि चपलांपर्यंत माणसं. तळमजल्यावरची मंडळी स्टुलं घेऊन आलेली. बाबा नेहमीच्या खुर्चीत, मी दाराजवळ उभी.

लढाई नदीच्या कोरड्या पात्रात. कोरडं पात्र पाहूनच मी ओळखलं, काही खरं नाही, कारण निळ्याची निम्मी विद्या पाण्यावर चालायची होती. चढायला भिंत नाही, लपायला झाड नाही, आणि तांबड्याला हवं तेवढं मोकळं रान. धुराचा गोळा फोडला तर वाऱ्याने धूर उडून गेला. तरी निळा लढला. साखळी पायात आली की उडी, डोक्यावर आली की वाकणं. एकदा तर त्याने साखळीच आपल्या दंडाला गुंडाळून घेतली आणि तांबड्याला गुडघ्यावर आणलं. मास्तर ओरडले, धर, सोडू नको. तांबड्याच्या पक्षातला तो माणूस निळ्याला सांगत होता, धर. पण तांबड्याने अंगाला हिसका दिला आणि निळा दगडावर आपटला. उठला, पुन्हा पडला.

तेव्हा बाजूने हळू आवाज आला, "ऊठ रे. ऊठ."

मी वळून पाहिलं. बाबा होते. खुर्चीच्या कडेवर येऊन बसलेले, दोन्ही हातांनी गुडघे गच्च धरलेले. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनीच मांडलेल्या कुंडलीत निळ्याचा चंद्र आठव्यात होता आणि ते त्याला ऊठ म्हणत होते.

निळा उठला नाही. तांबड्याने कोयता खाली ठेवला, मान वाकवली, सूर्य मावळला, गाणं लागलं आणि अक्षरं वर जायला लागली. मी कागदावर काढलेल्या एका माणसासाठी सगळ्यांसमोर भोकाड पसरून रडले. लाज वाटायची ती नंतर वाटली.

थोड्या वेळाने सेक्रेटरी उठले आणि बाबांना हात जोडले. म्हणाले, मानलं तुम्हाला, शास्त्र ते शास्त्र. मागून कोणीतरी म्हणालं की आता मुलीनेही शब्द पाळायला हवा. त्यावर दोघातिघांनी माना डोलावल्या. ज्यांनी इतके रविवार आमचा चहा प्यायला त्यांनीच.

बाबा उठले, टीव्ही बंद केला आणि सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले. म्हणाले, "निळ्याची पत्रिका चुकीची आहे."

सेक्रेटरींना कळेना. निळा तर पडला, तुम्ही म्हणालात तसाच. बाबांनी समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, कचेरीत फाईल समजावतात तसं. मी जन्म धरला तो जाहिरातीनंतरचा. पण आत्ताच लक्षात आलं, सुरुवातीच्या गाण्यात निळा तांबड्याच्याही आधी दिसतो, कौलांवर पाठमोरा बसलेला असतो. म्हणजे त्याची वेळ ती. मी चुकीच्या वेळेवर चुकीची कुंडली मांडली. मास्तर पुढे आले आणि म्हणाले, अहो, पण निकाल तर बरोबर आला? बाबा म्हणाले, "तेच तर. चुकीच्या कुंडलीने बरोबर निकाल येत असेल तर ही नुसती बोलाफुलाला गाठ. इतकी वर्षं मी तुम्हा सगळ्यांना काय सांगत होतो, ते मला माहीत नाही. पैज माझी मुलगी हरली नाही. मी हरलो."

एकेक जण चपला शोधायला लागला. गाण्यात निळा खरंच कौलांवर बसायचा का, हे मला आठवत नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, बसायचा असेल, आणि पोळ्या लाटायला गेली. बाबा माझ्याशी एवढंच बोलले की कळव्याच्या त्या मुलाला सांग, जन्मवेळ नको, रविवारी आईला घेऊन जेवायला ये म्हणावं.

त्याच संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकू नव्या नातवाची जन्मवेळ घेऊन आल्या. बाबांनी त्यांना बसवलं, चहा दिला, बाळ कोणासारखं दिसतं ते विचारलं आणि सांगितलं की पत्रिका करणं मी सोडलं. काकू रागावून गेल्या. मग हळूहळू येणारे सगळेच थांबले. संध्याकाळी बाबा कचेरीतून येऊन गॅलरीत नुसते बसायचे, आणि सेक्रेटरी जिन्यात भेटले की पुढे बघत निघून जायचे. त्या बिल्डिंगमध्ये माझ्या बाबांना त्या एकाच गोष्टीचा मान होता. ज्या दिवशी त्यांचं भविष्य खरं ठरलं, त्याच दिवशी तो त्यांनी माझ्यासाठी टाकून दिला.