शिव्यांची गाळणी

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा. खाली पत्रा ठोकून सुटे भाग बनवणारी प्रेस मशिनं, वर ऑफिस, आणि ऑफिसच्या कोपऱ्यात मी आणि माझा मेल सर्व्हर. मी तळकोकणातल्या गिरणी कामगाराचा मुलगा. आमच्या घराण्यात डोकं लवकर फिरतं, आणि मेल सर्व्हर तर डोकं फिरवण्यासाठीच जन्माला आलेला आहे.

नको असलेले मेल अडवणारा नवा फिल्टर बसवला, तेव्हा त्यात धमक्यांच्या इंग्रजी शब्दांची यादी तयारच होती. इंग्रजीत डाय म्हणजे मर. आमच्याकडे डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, त्याच्याशिवाय मेल लिहिलाच जात नाही. ‘डाय कधी पाठवताय’ असं विचारणारं सज्जन गिऱ्हाईक फिल्टरच्या लेखी खुनी ठरलं आणि ऑर्डरी येणं बंद झालं. मालकांनी माझा उद्धार केला, मी फिल्टरचा केला, आणि ती यादी मुळासकट काढून टाकली.

त्याच सुमारास आमच्या डिस्पॅचच्या बाईंना नवऱ्याचे मेल सुरू झाले. बाई त्याला सोडून मुलुंडला भावाकडे राहायला आल्या होत्या. फोन नंबर बदलला, पण ऑफिसचा पत्ता त्याला ठाऊक होता. रोज नव्या खात्यावरून लिहायचा, त्यामुळे पाठवणाऱ्याला अडवून उपयोग नव्हता. मराठीतच लिहायचा, पण इंग्रजी अक्षरांत. बाईंनी पोलिसांत तक्रार दिली होती आणि तिथे त्यांना एकही मेल पुसू नका म्हणून सांगितलं होतं. मी ठरवलं, मेल शब्दांवरून पकडायचे आणि वेगळ्या कप्प्यात टाकायचे. तो कप्पा मी बघेन, बाईंना वाचायला लागणार नाही.

त्यासाठी शब्द हवे होते. बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि मालाची यादी सांगावी तशा सांगू लागल्या. कापीन. ठेचीन. खांडोळी. रॉकेल. ‘ठेचीन’मध्ये तो कधी एच घालतो, कधी विसरतो, दोन्ही टाका म्हणाल्या. ‘जिवंत’ला झेड लावतो. मी टाइप करत होतो. एका शब्दाशी माझी बोटं थांबली, तर त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे घेऊन तो स्वतः टाइप केला. हा मोरीतला, तो स्वयंपाकघरातला, असं मधे मधे सांगत होत्या. कुठला शब्द ऐकून कुठे मार खाल्ला ते त्यांच्या पक्कं लक्षात होतं.

फिल्टर झकास चालला. बाईंच्या टेबलावर शांतता आली आणि सगळी घाण माझ्याकडे वळली. डबा खाताना मी ती वाचायचो आणि घास तोंडात फिरायचा. ज्या माणसाचं तोंडही पाहिलं नव्हतं त्याला मी मनात रोज मारत होतो, कधी हाताने, कधी प्रेसखाली घालून. घरी ताट आपटलं तेव्हा बायकोने विचारलं की राग कोणाचा आणि काढतोस कोणावर.

मग एका दुपारी बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ओठ पांढरे पडले होते. त्यांच्या इनबॉक्समध्ये एक मेल सरळ येऊन पडला होता. ‘आपली तब्येत बरी असेल अशी आशा आहे. आज पाच वाजता मी न्यायला येत आहे. तुम्ही कृपया गेटवर थांबावे, ही विनंती.’ फिल्टर प्रत्येक मेलला संशयाचे गुण देतो. याला शून्य मिळाले होते.

अहो, हे तर माणसासारखं लिहिलंय, मी म्हणालो.

बाई म्हणाल्या, “तो ‘तू’ म्हणतो तेव्हा थोबाडीत देऊन मोकळा होतो. ‘तुम्ही’ म्हणतो तेव्हा आधी दाराला कडी लावतो. हा शब्द टाका यादीत.”

‘तुम्ही’ अडवला असता तर मराठीतला एकही मेल आत आला नसता. मी यादी तशीच ठेवून खाली गेलो. पोलिसांना फोन केला, गाडी पाठवतो म्हणाले. फोरमन मालवणचे, साठीला आलेले. त्यांना सांगितलं तर एवढंच म्हणाले, “येवं दे मेल्याक.” बाईंना वर बसवलं आणि आम्ही शटरच्या आत उभे राहिलो.

तो आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात कापडी पिशवी. वाकून नमस्कार केला आणि मॅडमना बोलवाल का, असं विचारलं. फोरमन नाही म्हणाले. पिशवीतून कोयता निघाला आणि त्यांच्या हातावर हाडापर्यंत बसला. रक्त माझ्या चपलांवर उडालं. कोपऱ्यातली लोखंडी दांडी मी कधी उचलली ते आठवत नाही. त्याच्या मनगटावर घातली, सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला, कोयता पडला, तरी पुन्हा घातली. मग प्रेस मशिनवरचे कामगार तुटून पडले. वाईट वाटलं असं लिहायला हवं. नाही वाटलं, बरं वाटलं.

बाई जिन्यावरून खाली आल्या. जमिनीवरूनच त्याने त्यांना पाहिलं आणि तोंड सोडलं. तू, तुझी आई, तुझी खांडोळी. आमच्या यादीतला एकेक शब्द. बाईंनी सगळं उभं राहून ऐकून घेतलं आणि त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. पोलिसांची गाडी त्यानंतर आली.

फोरमनना टाके घालायला नेलं. मी चहा मागवला आणि ग्लास बाईंपुढे ठेवला. तुम्ही थोडा घ्या, म्हणालो.

त्यांचा हात वाटेतच थांबला. “एक करा माझ्यासाठी,” त्या म्हणाल्या. “मला अगं-तुगं करा. फोरमन मालवणीत ‘गो’ म्हणतात तेवढंच बरं वाटतं. बाकी सगळे मानाने ‘तुम्ही’ म्हणता आणि मी दाराकडे बघते. सांगायचं कसं हेच कळत नव्हतं.”

मी वयाने मोठा, पण ऑफिसात बाईमाणसाला एकेरी हाक कधी मारली नव्हती.

“चहा घे,” मी म्हणालो. “निवतोय.”

तिने घेतला.