पणजोबा कुणाच्या घरचे

आमच्या शेजारणीचे पणजोबा सापडत नव्हते. म्हणजे माणूस होऊन गेला हे ठाऊक, पोटासाठी काय करायचा तेही ठाऊक, पण त्याला पुरलंय कुठं हे काही केल्या कळेना. आणि तिला ते उन्हाळा संपायच्या आत कळायला हवं होतं, कारण सप्टेंबरात ती घर विकून कायमची लेकीकडे ऑस्ट्रेलियाला निघाली होती.

मी आयर्लंडमध्ये, मेनूथला मुलाकडे राहते. मुलगा कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात, सून इथल्या विद्यापीठात संशोधन करते, नात शाळेत. दिवसभर घरात मी एकटी. कुंपणापलीकडे ही शेजारीण, ऐंशीच्या आसपासची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ती मला सरळ नावानं हाक मारते. आमच्या गावात मला नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही, त्यामुळे पहिल्यांदा दचकले, मग आवडायला लागलं. माझं इंग्रजी म्हणाल तर सगळं तिच्याकडून, कुंपणावरून शिकलेलं. सून म्हणते, आई, तुम्ही इंग्रजीत चुकता तेसुद्धा आयरिश माणसांसारखं चुकता.

आता हे पणजोबांचं एवढं काय, तर सांगते. इथं उन्हाळ्यात प्रत्येक दफनभूमीचा एक रविवार ठरलेला असतो. आठवडाभर आधी लोक खुरपी, बादल्या, ब्रश घेऊन येतात, आपापल्या माणसांच्या कबरी घासूनपुसून फुलं लावून ठेवतात. त्या रविवारी जो तो आपल्या माणसापाशी जाऊन उभा राहतो आणि पाद्री प्रार्थना म्हणत, पाणी शिंपडत सगळ्यांमधून फिरतो. मी पहिल्यांदा हिच्याबरोबर गेले तेव्हा मला आपली सर्वपित्री आठवली. फरक इतकाच, की आपण कावळ्याची वाट बघतो आणि ही माणसं पाद्र्याची.

तर त्या रविवारी, घरी येऊन जेवायला बसलं की हिचे वडील दरवर्षी एकच वाक्य बोलायचे, म्हणे. "माझ्या आजोबांपाशी आज कुणी उभं नसेल." हिच्या आजोबांनी लहानपणीच घर सोडलेलं, इकडे, आमच्या या किल्डेअर जिल्ह्यात कामाला आले ते आलेच. मागचं फारसं कधी बोलले नाहीत. वडील गेले, पण ते वाक्य हिच्या डोक्यात राहिलं. एकदा, जायच्या आधी एकदाच, तिला त्या माणसापाशी उभं राहायचं होतं.

हातात काय होतं, तर आजोबांच्या लग्नाची नोंद. त्यात वडिलांचा धंदा म्हणून एकच शब्द, मजूर. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला शेतमजूर. मी विचारत सुटले. राहायचे कुठं? मातीच्या भिंतींच्या खोपटात, तेही शेतमालकाच्या मर्जीवर. खायचे काय? बटाटे, ताक, असलं तर ओटचं पीठ. काम काय? बटाटे लावा, गवत कापा, चर खणा, आणि काम संपलं की फावडं खांद्यावर टाकून पुढच्या मालकाकडे. अशा माणसाच्या मागे काय उरणार? ना सातबाऱ्यावर नाव, ना दगडावर.

पणजोबांचा बाप्तिस्मा तेवढा तिला सापडला होता, शेजारच्या मीथ जिल्ह्यातल्या एका गावात. दोन उन्हाळे ती त्या गावात जाऊन आली. तिथं त्यांची कबर नाही, लग्न नाही, लेकरंबाळं नाहीत. आणि आडनाव इतकं सर्रास, की देशभर शोधायचं म्हटलं तर ढीग निघतो. जन्माला आला आणि हवेत विरला, असं ती म्हणायची आणि प्रेसमधून बिस्किटांचा डबा काढायची. इथं भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात. इतक्या दिवसांत तो डबा मी कधी रिकामा पाहिला नाही.

असंच एकदा बसलो होतो, सूनही होती. मी सहज विचारलं, त्यांची बायको कुठली?

तर ते तिला माहीत होतं. म्हणजे गाव नाही, घराणं. आजोबा म्हणायचे, आमची आई अमक्यांची. मला गंमत वाटली. आमच्याकडे बाईचं माहेरचं नाव अक्षता पडल्या की गेलंच. इथं मात्र शेजारीण लग्नानंतर साठ वर्षांनीही अमक्यांचीच मुलगी. पाद्रीसुद्धा बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव लिहितो, असं सून म्हणाली.

मग अडलं कुठं, मी म्हटलं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असणार. तिच्या माहेराकडचं गाव शोधा.

शेजारणीनं कप खाली ठेवला. तिच्या स्वतःच्या थोरल्या लेकीचा बाप्तिस्मा आईच्याच गावी झाला होता आणि हे तिला आजवर सुचलं नव्हतं. मी लगेच शेफारले. सुनेनं लॅपटॉप आणला, बापाचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं एकत्र घालून आजूबाजूच्या गावांत शोधायला बसली. चहाचं दुसरं भांडं संपायच्या आत जोडी सापडली, पणजोबांच्या गावापासून फार तर दहा मैलांवर. पहिलं मूल तिथंच. मी म्हटलं, बघा.

सून पुढं बघत होती. मग हसायलाच लागली. दुसरं मूल तिथंच, तिसरंही तिथंच, शेजारणीचे आजोबा, शेंडेफळ, तेही तिथंच.

"आई, सहाच्या सहा बाळंतपणं माहेरी?"

"सासू खाष्ट असेल," मी म्हटलं. आता बोलून गेल्यावर माघार कशी घेणार?

सुनेनं हे इंग्रजीत सांगितल्यावर शेजारीण म्हणाली, मग ती तिच्या पणजीची सासू झाली, म्हणजे तिचंच रक्त, जरा जपून बोला. पण तीही हसत होती. तिला आता गाव मिळालं होतं.

त्या गावचा कबरींचा रविवार जवळच आला होता. आदल्या शनिवारी सून आम्हाला गाडीतून घेऊन गेली. आदल्या दिवशी लोक साफसफाईला येतात, विचारायला माणसं मिळतील, हा हिशोब. छोटी दफनभूमी, मधोमध पडकं चर्च, छप्पर नाही, आत चक्क एक झाड वाढलेलं. एक बाई गुडघ्याखाली उशी घेऊन दगडावरचं शेवाळ खरवडत होती. शेजारणीनं पणजोबांचं आडनाव सांगून विचारलं. बाईनं मान हलवली. या भागात त्या आडनावाचं कुणीच नाही, नव्हतंही. तिची आजीसुद्धा इथलीच, कधी ऐकलं असतं.

शेजारणीचा चेहरा बघवेना. पर्स बंद करून ती गाडीकडे वळलीच. मला राहवेना. मी पुढं झाले आणि माझ्या इंग्रजीत विचारलं, बरं, पण पणजीच्या माहेरचे लोक? त्यांचं आडनाव घेतलं.

बाईनं हातातलं खुरपं तसंच उचलून भिंतीकडे रोखलं. म्हणाली, ते तर त्या म्हाताऱ्याचे. त्याला विचारा.

भिंतीशी एक म्हातारा बादलीवर बसून सिगरेट ओढत होता. टोपी, स्वेटर, आणि स्वेटरच्या बाहीला कोपरावर ठिगळ. शेजारणीनं पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यानं सिगरेट विझवली. मग म्हणाला, अहो, तो होय. आणि इकडंतिकडं बघून, आवाज जरा खाली आणून, "तो लग्न करून आत आलेला."

सुनेनं मला मराठीत सांगायच्या आधीच मला समजलं. शब्दांनी नाही, आवाजानं. आमच्याकडेही हे सांगताना माणसं असाच आवाज उतरवतात, जसं काही घरजावई शेजारच्या खोलीत झोपलाय.

"अगं, घरजावई," मी सुनेला म्हटलं. "ती माहेरी गेली नव्हती गं. ती माहेराहून निघालीच नव्हती."

आणि मी त्या बिचाऱ्या सासूला खाष्ट म्हणून बसले होते.

म्हाताऱ्याकडून हळूहळू सगळं निघालं. त्या घरी दोन मुलीच. बाप पायानं अधू, आणि जमीन म्हणाल तर जेमतेम एकरभर. राबायला गडी हवा होता. हा फावडं घेऊन गावोगाव फिरणारा, काम करता करता या घरी आला आणि थोरलीशी लग्न करून राहिला. गावानं त्याला त्याच्या आडनावानं कधी हाक मारलीच नाही. घर ज्याचं, नाव त्याचं. सासऱ्यांच्या घरचा म्हणूनच ओळखला गेला, आणि मेला तोही तसाच. शेवाळ खरवडणाऱ्या बाईनं ते आडनाव कुठून ऐकलं असणार? त्याची पोरं एकेक करून अमेरिकेला, इंग्लंडला, एक किल्डेअरला गेली. घर ओस पडलं. धाकटी मुलगी दोन शेतं पलीकडे दिली होती. हा म्हातारा तिचा पणतू. ती एकरभर जमीन आता त्याच्याकडे, आणि ही कबरसुद्धा.

शेजारणीनं विचारलं, कुठली?

तो बादलीवरून उठला. त्याच कबरीपाशी तो बसला होता. दगडावर एकच नाव, सासऱ्याचं. बाकी कुणाचं लिहायला त्या काळी कुणाला परवडलं नसेल. पण तो बोटानं दाखवत गेला. हे सासरे, ही सासू, ही तुमची पणजी, आणि हा इकडं, भिंतीच्या बाजूला, तुमचा माणूस.

मी शेजारणीकडे बघत होते. ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं अगदी हळू विचारलं, रविवारी इथं कुणी उभं राहतं का?

म्हाताऱ्याला प्रश्नच कळला नाही. "मी राहतो की. माझा बाप राहायचा, त्याच्याआधी त्याची आई राहायची. नाव वगळून प्रार्थना म्हणता येते होय? सगळ्यांची म्हणायची."

मग तिनं वडिलांचं ते जेवणावरचं वाक्य त्याला सांगितलं. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

"उद्या मी तुमच्याबरोबर उभी राहिले तर चालेल का," हे विचारायला तिला फार जड गेलं. शब्द जुळवत होती. त्याला ते बघवलं नसावं. तो म्हणाला, उलट बरंच होईल, गुडघे टेकायचे असतात आणि त्याचे गुडघे कामातून गेलेत. तिचा पणजोबा आहे, तिनं टेकावे.

रविवारी ती गेली. निळा कोट, चांगले बूट. मी साडीवर स्वेटर आणि पायात नातीचे जुने स्पोर्ट्स शूज घालून मागं भिंतीला टेकून उभी. पाऊस नव्हता, नुसतं आभाळ. पाद्री आला, तिच्यावर, म्हाताऱ्यावर आणि थोडं माझ्या चष्म्यावरही पाणी उडवून पुढं गेला. तिनं गुडघे टेकले. उठताना मात्र दोघांनी एकमेकांना धरून उठवलं, त्यात कोण कुणाला उठवत होतं ते सांगता येणार नाही. मग तिथल्या बायका येऊन तिचा हात हातात घेऊन जाऊ लागल्या, आणि म्हातारा प्रत्येकीला सांगत होता, ही आमच्या घरची.

सगळे पांगले तरी या दोघांचं संपेना. उंच होते का? केस कसे? गायचे का? म्हाताऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि नाही म्हणायची त्याला लाज वाटायला लागली होती. शेवटी म्हणाला, एक दाखवतो, चला.

फाटक ढकलून आम्ही त्या एकरभर शेतात गेलो. ओलं गवत, शेजारणीचे चांगले बूट, माझ्या निऱ्या, सगळ्याचं मातेरं झालं. शेताच्या कडेनं एक चर गेली होती. दोन्ही बाजूंनी झुडपं माजलेली, पण खाली पाणी वाहत होतं, छान, आवाज करत. ही त्यानं खणलेली, म्हातारा म्हणाला. त्याआधी हे शेत म्हणजे निव्वळ दलदल होती. अजून सगळं पाणी यातूनच जातं, कधी तुंबली नाही.

किती खोल आहे हो, मी विचारलं. त्यानं काठी पाण्यात सोडली. ती मुठीपर्यंत गेली.

शेजारीण वाकून बघत होती. "हे सगळं एकट्यानं?"

"एकट्यानं," म्हातारा म्हणाला. "सासरा काठावर खुर्ची टाकून बसायचा आणि कसं खणायचं ते सांगायचा."